कागदावरच्या अक्षराचं माप

किराणा दुकान असो, दवाखाना असो की कर सल्लागाराचं ऑफिस, संगणकाला जोडलेला इंकजेट प्रिंटर आज सर्रास दिसतो. त्यातून निघणाऱ्या बिलावरचं अक्षर किती मोठं असावं, हे मात्र सहसा कोणी ठरवतच नाही. पहिल्या दिवशी जे सेटिंग होतं, तेच वर्षानुवर्षं चालू राहतं. माझं म्हणणं असं, की हा निर्णय छापणाऱ्याने स्वतः घ्यायला हवा, आणि तो कागद ज्याच्या हाती पडणार आहे त्याच्याकडे पाहून घ्यायला हवा.

अक्षर बारीक का होतं, ते आधी पाहू. एक्सेलमध्ये बिल तयार केलं, त्यात एचएसएन कोड, दर, सीजीएसटी, एसजीएसटी असे रकाने वाढत गेले, की उजवीकडचे रकाने दुसऱ्या पानावर जातात. मग सगळे रकाने एकाच पानावर बसवण्याचा पर्याय निवडला जातो आणि अख्खा तक्ता, समजा, 70 टक्क्यांवर येतो. पुढे प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये कागद अमेरिकी ‘लेटर’ मापाचा नोंदलेला असतो आणि ‘फिट टू पेज’ चालू असतं. लेटर कागदाची उंची 279 मिलिमीटर, आपल्या ए-फोरची 297. म्हणजे अक्षर आणखी घटून 94 टक्क्यांवर जातं. या दोन्ही घटी एकमेकींना गुणल्या जातात आणि 11 पॉइंटचं अक्षर जेमतेम सव्वासात पॉइंटांचं उरतं. शिवाय ही सेटिंग प्रत्येक संगणकावर वेगळी असू शकते. त्यामुळे एकाच प्रिंटरवर गल्ल्यावरच्या संगणकातून निघालेलं बिल वेगळं दिसतं आणि हिशेबनिसाच्या संगणकातून निघालेलं वेगळं. दोष बिचाऱ्या प्रिंटरला दिला जातो.

इंकजेटची शाई पातळ असते आणि साध्या कागदाच्या तंतूंमध्ये ती थोडी पसरते. देवनागरीला वर-खाली मात्रा असल्यामुळे त्याच पॉइंटात मूळ अक्षराला जागा कमी मिळते. सात पॉइंटांत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक पुसट होतो, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. औषधाच्या चिठ्ठीवर किंवा थकबाकीच्या पत्रावर हे चालवून घेता येणार नाही. मालावरच्या बारकोडलाही माप आहे. नेहमीचा तेरा अंकी बारकोड दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसह 37.29 मिलिमीटर रुंद असतो आणि तो 80 टक्क्यांपेक्षा लहान छापू नये असा संकेत आहे. वर सांगितलेल्या दुहेरी घटीत तो 66 टक्क्यांवर येतो. मग स्कॅनरला तो वाचता आला नाही तर नवल नाही. पाकीटबंद मालावरच्या अक्षरांची किमान उंची तर 2011 च्या वैधमापन नियमांनीच घालून दिलेली आहे.

यावर कोणी म्हणेल, अक्षर मोठं केलं की कागद वाढतो. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर आधी करण्यासारखे उपाय आहेत: पान आडवं घ्यावं, समास कमी करावेत, ग्राहकाला नको असलेले रकाने छपाईतून वगळावेत, पाठपोट छापावं. अक्षर बारीक करणं हा शेवटचा उपाय असायला हवा, आज तोच पहिला होऊन बसला आहे. दुसरा आक्षेप असा, की आता बिलं मोबाइलवर जातात, मग कागदाची एवढी काळजी कशाला? मोबाइलवर बोटांनी अक्षर मोठं करता येतं, कागदावर ते जमत नाही. आणि कागदी बिल आवर्जून मागणाऱ्यांत मोबाइल नीट न दिसणारे वडीलधारे बरेच असतात. त्यांच्या हाती बारीक अक्षरांचा कागद देणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

म्हणून एक विनंती. उद्या ऑफिस उघडल्यावर प्रत्येक संगणकातून 100 मिलिमीटर लांबीची एक रेघ छापा आणि फूटपट्टीने मोजा. ती 94 भरली, तर ड्रायव्हरमधलं कागदाचं माप आधी तपासा, तिथे ए-फोर निवडा आणि छपाई ‘अ‍ॅक्च्युअल साइज’वर ठेवा.