नव्या शहरात नोकरी आणि निवारा

(बुद्धविहारात भरलेल्या पालक व तरुणांच्या मेळाव्यात एका वकील बंधूंनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परीक्षांचे निकाल लागले की आपल्या खेड्यापाड्यांतील मुलेमुली मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत बसू लागतात. हातात पदवीचा कागद, पिशवीत दोन जोड कपडे आणि आईने पोटाला चिमटा घेऊन साठविलेले थोडेसे पैसे. त्यांना निरोप देताना आपण एकच प्रश्न विचारतो, ‘नोकरी लागेल ना?’ हा प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा आहे. नव्या शहरात जाणाऱ्यापुढे तीन प्रश्न एकदमच उभे असतात. राहावयाचे कोठे, काम मिळवावयाचे कसे, आणि काम मिळेपर्यंत हातचे पैसे पुरवावयाचे कसे? यांपैकी एकाकडे जरी दुर्लक्ष झाले, तरी उरलेल्या दोहोंची व्यवस्था कोसळते.

याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या उद्धारकर्त्याच्याच चरित्रात आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यास गेले ते नोकरी शोधण्यासाठी नव्हे. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरी त्यांची वाट पाहत होती. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण पदरी होते. नव्हते ते फक्त डोक्यावर छप्पर. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून राहिले. दररोजचे भाडे दीड रुपया. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. शहरात ओळखीचे दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरच्या अडचणी पुढे केल्या. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत बाबासाहेबांनी तेथील सार्वजनिक बागेत वेळ काढला. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे.

या हकीकतीवरून आपण केवळ डोळे पुसून थांबू नये. तिच्यातून व्यवहाराचे दोन धडे निघतात. पहिला असा की, निवाऱ्यावाचून नोकरी टिकत नाही. म्हणून गाव सोडण्यापूर्वी निदान पहिल्या महिन्याच्या मुक्कामाची सोय पक्की केल्याशिवाय गाडीत बसू नये. दुसरा धडा अधिक नाजूक आहे. आजही आपली काही मुले खोली मिळावी म्हणून आडनाव गिळतात, जयभीम म्हणण्याचे टाळतात, भिंतीवरील तसबीर पेटीत ठेवतात. त्यांना मी दोष देत नाही. अडलेल्या माणसाला दोष देणे सोपे असते. परंतु खोट्या नावाने मिळालेला निवारा बाबासाहेबांनाही अकरा दिवसांपलीकडे लाभला नाही. आणि १९१७ साली त्यांच्या पाठीशी जो कायदा नव्हता, तो त्यांच्याच परिश्रमाने आज तुमच्या पाठीशी आहे.

तो कायदा काय सांगतो हे नीट ऐकून घ्या. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले येथे धर्म वा जात यांच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्याला अनुसरून झालेला १९५५ चा कायदा १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमान्वये धर्मशाळेचा वापर, कोणत्याही वस्तीत राहावयाची जागा घेणे, आणि कोणत्याही कामावर नोकरी करणे या बाबतींत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी आणणे हा गुन्हा आहे. बाराव्या कलमात तर असे म्हटले आहे की, अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार आरोपीवर राहील.

तथापि, वकील या नात्याने दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. खोली नाकारणारा मनुष्य खरे कारण क्वचितच तोंडाने बोलतो. ‘जागा कालच गेली’ एवढेच तो म्हणतो. म्हणून दिवस, वेळ, बोलणारा कोण व काय बोलला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. मोबाईलवरील संदेश पुसू नयेत. बरोबरच्या साक्षीदाराचे नाव टिपावे. प्रथम दुसरीकडे छप्पर मिळवावे आणि मग तक्रारीस बसावे. रस्त्यावर उभे राहून फिर्याद चालविता येत नाही.

खोली मिळाली तर करार लेखी करा. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनामत रकमेची पावती घ्या. ‘आपल्याच माणसाला पावती कशाला?’ असे जो म्हणतो, त्याच्याकडून तर आधी घ्या.

आता कागदपत्रांकडे वळू. पुष्कळ पालक मला विचारतात, ‘वकीलसाहेब, आम्ही धम्म घेतला, जात टाकली, मग जातीचा दाखला कशाला?’ प्रश्न प्रामाणिक आहे व त्याला उत्तरही प्रामाणिक हवे. जात आपण मनातून टाकली. परंतु तिने पिढ्यानपिढ्या केलेले नुकसान एका दिवसात भरून निघाले नाही. दाखला हा त्या नुकसानीच्या भरपाईचा कागद आहे. तो धम्माला कमीपणा आणीत नाही. उलट, तो मिळविण्यासाठी किती काळ लढावे लागले हे आठवा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ साली तो शीखांना मिळाला. बौद्धांना मिळावयास १९९० साल उजाडले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासूनच सवलती दिल्या होत्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांची दारे १९५६ च्या दीक्षेनंतर तब्बल ३४ वर्षे त्या हक्काने आपल्याला उघडली नाहीत. म्हणून आज हा कागद काढण्याचा आळस करणे म्हणजे त्या लढ्याचे फळ आपल्या हाताने फेकून देणे होय.

महाराष्ट्रात हा दाखला मिळण्यासाठी आपले वाडवडील १० ऑगस्ट १९५० रोजी कोठे राहत होते याचा पुरावा लागतो, आणि दाखला त्याच भागातील सक्षम अधिकारी देतो. तेव्हा शहरात गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा गावी असतानाच आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या वा महसुलाच्या नोंदी मिळवून तो काढावा, आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही वेळेत करावा. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा मागून घ्यावा. जे हैदराबाद, बंगळूर किंवा अहमदाबाद येथे जाणार आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, एका राज्यातील अनुसूचित जातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झाली, तर तेथील राज्याच्या सवलतींवर तिला हक्क सांगता येत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी मात्र मूळ राज्याचा दाखला कोठेही चालतो. अर्ज भरताना हा भेद न कळल्यास वर्ष फुकट जाते.

नोकरीच्या शोधाविषयी थोडे सांगतो. सरकारच्या सेवायोजन कार्यालयातील नोंदणी विनामूल्य असून ती महास्वयम् या संकेतस्थळावर घरबसल्या होते. स्पर्धा-परीक्षेच्या प्रशिक्षणासाठी पुण्याच्या बार्टी या संस्थेच्या योजना आपल्याच मुलांसाठी आहेत; त्यांच्या जाहिराती विहाराच्या फलकावर लावल्या पाहिजेत. शिक्षण चालू असून शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल, तर नियमांत बसणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते.

जो कोणी नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागतो, तो नोकरी देणारा नसून पैसे घेणारा आहे असे समजा. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, ‘साहेबांना द्यावे लागतात’ अशी कारणे अनेक, हेतू एकच. पूर्वी ज्याला आपण ‘चारशेवीस’ म्हणत असू, ती फसवणूक १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पैसे मोबाईलवरून गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. दाखवावीत आणि परत घ्यावीत.

काम मिळाले की नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रम संहितांनी कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे, आणि मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत दिले पाहिजे असे ठरविले आहे. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर तो खरोखर खात्यात जमा होतो की नाही हे आपल्या क्रमांकावरून स्वतः पाहावे. मुलींच्या पालकांस सांगतो की, दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. ती आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारण्यात संकोच नको. भीतीपोटी मुलीला घरी बसविणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मनाजोगते काम पहिल्या महिन्यात मिळेलच असे नाही. बडोद्याहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शिकवण्या केल्या, भांडवलाच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदाही करून पाहिला. गिऱ्हाइकांना जात कळली आणि तो बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर ते प्राध्यापक झाले. एवढा पगार सुरू झाल्यावरही ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले, कारण लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा शिल्लक टाकावयाचा होता. १९२० साली ती शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून मिळालेले कर्ज यांच्या बळावर ते लंडनला गेले. बडोद्यास काठी घेऊन आलेले पारशी होते आणि अडचणीत हात देणाराही पारशीच होता. यास्तव नव्या शहरात माणसाची पारख त्याच्या समाजावरून करू नये. ती त्याच्या वर्तनावरून करावी.

काटकसरीविषयी तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश आजही उपयोगी आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगाला, दोन उद्योगाला आणि एक आपत्काळासाठी राखून ठेवावा. ज्याला मिळकतच सुरू झालेली नाही त्याने घरून आणलेल्या पैशालाही हेच माप लावावे. उपभोगाचा भाग म्हणजे जेवण व भाडे. उद्योगाचा भाग म्हणजे प्रवास, अर्ज व शिक्षण. आणि चौथा भाग म्हणजे परतीचे भाडे व आजारपण, त्याला हात लावावयाचा नाही. भाडे थोडे कमी म्हणून रेल्वेपासून फार लांब खोली घेतली, तर वाचलेले पैसे रिक्षात जातात. रोज एकाच मार्गाने जावयाचे असेल तर मासिक पास काढावा. घरी अन्नसुरक्षा योजनेची शिधापत्रिका असेल, तर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेमुळे आपल्या वाट्याचे धान्य दुसऱ्या शहरातील रेशन दुकानातूनही उचलता येते. गावातील कुटुंबाशी बोलून वाटा ठरवावा. वर्तमानपत्रे वाचनालयात वाचावीत. तेथे दिव्याचा व पंख्याचा खर्चही आपला नसतो.

आणि आठवड्यातून एक दिवस शहर पाहण्यासाठी राखावा. ही चैन नव्हे. ज्याला शहराचे रस्ते ठाऊक नाहीत तो मुलाखतीला उशिरा पोहोचतो, आणि ज्याला शहर परके वाटते तो पहिल्याच अपयशाने माघारी येतो. मुंबईत आलेल्या तरुणाने एका रविवारी पायी निघून परळची ती चाळ, हिंदू कॉलनीतील राजगृह आणि समुद्रकाठची चैत्यभूमी पाहावी. दुसऱ्या रविवारी फोर्टमध्ये जाऊन १९४६ साली स्थापन झालेले सिद्धार्थ महाविद्यालय पाहावे. तिसऱ्या रविवारी बोरिवलीच्या अरण्यातील कान्हेरीला जावे. शंभराहून अधिक लेणी, दगडात खोदलेली पाण्याची टाकी, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे शिलालेख तेथे आहेत. नालासोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेला स्तूप आहे. अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही त्याच गावी मिळाला. ‘या शहरात माझे कोण आहे?’ असे ज्याला वाटते, त्याने हे लेख पाहावेत. या भूमीवर भिक्खूंना आश्रय देणारी सामान्य कारागीर-व्यापारी माणसे दोन हजार वर्षांपूर्वी होती.

शेवटी शहरात स्थिरावलेल्या बांधवांना विनंती करावयाची आहे. आपण जयंतीची वर्गणी आनंदाने देता. तिच्याबरोबर आणखी एक काम करा. प्रत्येक विहाराने एक वही ठेवावी. तीत भाड्याने मिळणाऱ्या खोल्या, विश्वासू खाणावळी, रिकाम्या जागांच्या जाहिराती आणि कागदपत्रे तपासून देणाऱ्या सुशिक्षित बांधवांची नावे नोंदवावीत. ज्या कुटुंबाला शक्य असेल त्याने वर्षातून एका नवागत मुलाला वा मुलीला पंधरा दिवस थारा द्यावा. मुदत आधीच ठरवावी, म्हणजे पाहुण्यालाही संकोच नाही व यजमानालाही भार नाही. बडोद्याच्या त्या दोन मित्रांनी दार लावून घेतले, कारण घरच्यांचा रोष पत्करण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. आपल्या घरी तर असा रोष पत्करण्याचाही प्रश्न नाही. थोडी जागा सारून द्यावयाची आहे, इतकेच.

ही वही आजच्या सभेनंतर याच विहारात सुरू व्हावी अशी सूचना मी मांडतो. ज्यांच्याकडे खोलीची वा कामाची माहिती असेल त्यांनी घरी जाण्यापूर्वी ती लिहून द्यावी. कागदपत्रे पाहण्यासाठी दर रविवारी सकाळी दोन तास मी येथे बसेन.

जय भीम.