वैद्यकीय विद्यार्थ्याचे पहिले गुण

तालुक्यात सदैव पहिला आलेला विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होतो आणि शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या चाचणीत त्यास शंभरांपैकी ५२ गुण मिळतात. ‘नीट’ परीक्षेतून आलेल्या त्या वर्गात बहुतेक सारेच आपापल्या शाळेत पहिले असतात, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. पर्यायांतून उत्तर निवडण्यास सरावलेल्या हाताला आता सविस्तर लिहावयाचे असते. मज्जातंतूचा मार्ग शवविच्छेदनाच्या टेबलाशी बोटाने दाखवावयाचा असतो. ही सवय जडण्यास महिने लागतात. उत्तीर्णतेस ५० टक्के पुरतात. तेव्हा ५२ हे अपयश नव्हे. परंतु सुटीत गावी येताच पारावर, शाळेत, पंचायतीत एकच पृच्छा : “कितवा नंबर?” पुढच्या सुटीत तो येण्याचेच टाळतो. गुरुजींनी व सरपंचांनी ‘काय शिकलास?’ असे विचारून पाहावे. तो मनगटावरची नाडी धरून दाखवील.