मुलाच्या हाती कॅमेरा



आपल्या न्यायालयात साक्षीदाराला किमान वयाची अट नाही. ज्याला प्रश्न समजतो व त्याचे सुसंगत उत्तर देता येते, असे लहान मूलही साक्षीस पात्र ठरते. न्यायासनाने मुलाला दिलेला हा मान आपल्या घरात व गावात त्याला मिळतो काय, हा माझा आपणांस प्रश्न आहे.

मुलांच्या हालअपेष्टांची छायाचित्रे मोठ्यांनी पुष्कळ काढली. त्यांत मूल दिसते, परंतु ते बोलत नाही. कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत याच्या उलट प्रयोग झाला. झाना ब्रिस्की या छायाचित्रकार बाईंनी तेथील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या मुलांना साधे कॅमेरे दिले व छायाचित्रण शिकविले. मुलांनी आपल्या गल्ल्या, आपली घरे, आपली माणसे स्वतःच्या नजरेने टिपली. ती चित्रे विकून आलेला पैसा त्यांच्या शिक्षणाकडे वळविण्यात आला. या कार्यावरील 'बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स' या माहितीपटाला २००५ साली ऑस्कर मिळाले. मात्र मुलांसाठी त्यांच्या आया स्वतः जे झटत होत्या ते माहितीपटात आले नाही, असा आक्षेपही घेतला गेला. तो आपण विसरता कामा नये.

कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारास भारताने १९९२ साली मान्यता दिली. त्याच्या १२ व्या कलमाने मुलाला आपले मत मांडण्याचा, १३ व्या कलमाने कलेच्या वा अन्य माध्यमातून व्यक्त होण्याचा आणि १६ व्या कलमाने खाजगीपणाचा हक्क दिला आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा तर छायाचित्र काढणाऱ्यासच त्याचा कर्ता मानतो. कर्त्याचे वय तो विचारीत नाही. म्हणून मुलाने काढलेले चित्र त्याला न विचारता दाखविणे वा छापणे योग्य नव्हे. अत्याचारास बळी पडलेल्या वा गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाची ओळख माध्यमांत प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाईच केली आहे.

आता आपले कर्तव्य पाहा. आज पुष्कळ घरांत कॅमेरा असलेला मोबाइल आहे. एका रविवारी तो मुलामुलींच्या हाती द्या व सांगा, "तुला जे खटकते ते टिपून आण." कोणी शाळेचे कुलूपबंद शौचालय आणील, कोणी वर्गाच्या वेळी हॉटेलात कपबशा विसळणारे हात आणील. ज्याचे चित्र काढायचे त्याची संमती घ्यावी, त्या मुलाचा चेहरा टाळावा, हे मात्र आधी शिकवा.

चित्रे आली की ती तशीच ठेवून देऊ नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालय आवश्यक ठरविले आहे, आणि सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. ते पालक आपणच आहोत. चित्र समितीपुढे ठेवा, लेखी अर्ज जोडा, पोच घ्या, आणि निर्णय काय झाला ते मुलाला येऊन सांगा. ज्या साक्षीचे पुढे काय झाले हे साक्षीदाराला कधी कळत नाही, ती साक्ष तो पुन्हा देत नाही.