तलावाचे चार कोपरे



गणित कागदावर जन्मते आणि कागदावरच संपते, असा समज पुष्कळांच्या मनात घर करून बसलेला असतो. तो किती अपुरा आहे हे पाहावयाचे असेल, तर एखाद्या पोहण्याच्या तलावाच्या काठी जावे. तलाव बांधून झाला आहे, पाणी अद्याप सोडलेले नाही, आणि काठाने फरश्यांची एक रांग बसवावयाची आहे. तलाव 25 मीटर लांब व 10 मीटर रुंद. फरशी चौरस, तिची बाजू अर्धा मीटर. फरश्या किती मागवाव्यात?

घाईने उत्तर देणारा परिमिती काढतो. चारही बाजू मिळून 70 मीटर. अर्ध्या मीटरने भागले की 140. हे उत्तर सुबक आहे, आणि चुकीचे आहे. गवंडी कामाला लागतो, चारही बाजू पुऱ्या होतात, आणि चार कोपरे उघडे राहतात. परिमिती ही केवळ रेषा आहे; फरशीला मात्र रुंदी असते. कोपऱ्यातील फरशी तलावाच्या कोणत्याही बाजूला लागून नसते, ती त्याला एका बिंदूपाशीच स्पर्श करते. म्हणून परिमितीच्या हिशेबात ती सापडतच नाही. खरी संख्या 144.

चार फरश्यांचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण त्या मागाहून आणल्या आणि दुसऱ्या खेपेच्या निघाल्या, तर त्यांची छटा जुळेलच असे नाही. मग चारही कोपरे कायमचे वेगळे दिसत राहतात, आणि त्या येईपर्यंत गवंड्याची रोजंदारी वाया जाते ती निराळीच.

आता हीच संख्या अन्य मार्गांनी काढून पाहावी. लांबीच्या बाजूला 50 व रुंदीच्या बाजूला 20 फरश्या लागतात. दोन्ही लांब रांगा कोपऱ्यांसह धरल्या तर त्या 52-52 च्या होतात, उरलेल्या दोन रांगा 20-20 च्या, बेरीज 144. दुसरा मार्ग असा: तलाव व काठ मिळून 52 गुणिले 22, म्हणजे 1,144 चौकटी, त्यांतून तलावाच्या 1,000 वजा केल्या की पुन्हा 144. तिसऱ्या मार्गात प्रत्येक बाजूला एकच कोपरा द्यावयाचा: 51, 21, 51 आणि 21. बेरीज तीच. वाटा निरनिराळ्या, मुक्काम एक. ज्याने एकच सूत्र पाठ केले आहे त्याला आपली चूक कळण्याचा उपाय नसतो; ज्याला दोन वाटा ठाऊक आहेत त्याच्या एका वाटेची साक्ष दुसरी देते.

काठ तीन रांगांचा करावयाचा झाल्यास काय होईल? पहिल्या रांगेची तिप्पट, म्हणजे 432, हे उत्तर पुन्हा फसवे. प्रत्येक बाहेरची रांग आतल्या रांगेपेक्षा 8 फरश्यांनी मोठी असते, कारण चारही बाजू दोन-दोन फरश्यांनी वाढतात. म्हणून 144, 152 व 160, एकूण 456. पडताळा: 56 गुणिले 26 म्हणजे 1,456, त्यांतून 1,000 गेले, 456 राहिले.

येथपर्यंत फरश्या एकमेकींना चिकटून बसतात असे गृहीत धरले. प्रत्यक्षात दोन फरश्यांमध्ये सांधा ठेवावा लागतो. तो 3 मिलिमीटरचा धरला, तर प्रत्येक फरशी 503 मिलिमीटर जागा व्यापते. मग 25 मीटरच्या बाजूवर 49 फरश्या बसतात आणि 353 मिलिमीटर उरतात. तेथे कापलेला तुकडा बसवावा लागतो. कापताना काही फरश्या फुटतात, म्हणून शेकडा 5 ते 10 जादा मागविण्याची रीत आहे. 456 वर शेकडा 10 धरले तर 501.6 येतात. अपूर्णांक येथे नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यावा: 502. एका खोक्यात 4 फरश्या येत असतील, तर 126 खोकी.

हा विचार नवा नाही. भास्कराचार्यांच्या 1150 मधील ‘लीलावती’त विटांच्या राशीचे उदाहरण आहे. वीट 18 अंगुळे लांब, 12 रुंद, 3 उंच. रास 8 हात लांब, 5 रुंद, 3 उंच. हाताची अंगुळे 24. घनफळाला घनफळाने भागून विटा 2,560 येतात, आणि थर 24. उत्तर निर्दोष आहे. परंतु त्या थरांत विटा वाटून पाहिल्या, तर प्रत्येक थराला 106 पूर्णांक दोन तृतीयांश विटा येतात! म्हणजे गणिताने सामान किती ते सांगितले. वीट कोठे कापावयाची, हे गवंड्यावर सोडले.

मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचे कुंड सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद व 2.4 मीटर खोल आहे. तेथील संस्कृतीच्या विटांची उंची, रुंदी व लांबी बहुधा 1:2:4 या प्रमाणात असे. दोन रुंद्यांची एक लांबी होत असल्याने आडव्याउभ्या विटा एकमेकींत नेमक्या बसतात. त्या कारागिरांनी हिशेब कसा मांडला हे कोठे लिहिलेले नाही. विटेच्या मापात मात्र तो उतरलेला आहे.

तेव्हा फरश्या मोजणाऱ्याने आधी आकृती काढावी, मग भागाकार करावा, आणि कागद मिटण्यापूर्वी चारही कोपऱ्यांवर बोट ठेवून पाहावे.