विजेच्या पेटींतील सांधे



जुनें घर विकत घ्यावयाचें झालें म्हणजे आपण काय काय पाहतों? भिंतीला ओल आहे कीं काय, नळाला पाणी किती वेळ येतें, दारें-खिडक्या नीट लागतात कीं नाहीं. परंतु दाराआड बसविलेली विजेची पेटी उघडवून पाहणारा गृहस्थ विरळाच. दिवा लागला, पंखा फिरला, कीं आपली परीक्षा संपली! ही परीक्षा पुरेशी नाहीं, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

माझ्या एका आप्तांच्या घरची हकीकत सांगतों. घर शुद्ध शाकाहारी. पण रोज सकाळीं घरांत मासळीसारखा वास येऊं लागला. सर्वांनीं शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराला बोल लाविला. अखेर घरांतील आजीबाईंच्या ध्यानांत आलें कीं, वास येतो तो स्नानाचें पाणी तापत असतांनाच. वायरमननें पेटीचें झांकण काढलें, तों एका स्क्रूखालील तारेचें वेष्टन करपून काळें पडलेलें! कांहीं जातींचें प्लॅस्टिक अति तापलें कीं त्याला तसा वास येतो. शेजारी बिचारे निर्दोष होते.

हें कसें घडतें? तार स्क्रूखालीं घट्ट बसली असेल तर प्रवाह निर्वेध जातो. ती सैल झाली म्हणजे स्पर्शाची जागा कमी होते, तेथला रोध वाढतो आणि तेथेंच उष्णता उत्पन्न होते. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारें ९ अँपिअर प्रवाह घेतो. सैल सांध्याचा रोध केवळ अर्धा ओहम झाला, तरी त्या चिमुकल्या जागीं सुमारें ४० वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओच्या दुरुस्तींत डाख देण्याचें साधन पुष्कळदां २५ वॉटचेंच असतें, हें ध्यानांत घ्या. इकडे पाणी मात्र नेहमीसारखें तापतें. म्हणून कोणाला शंकाही येत नाहीं.

आपण म्हणाल, "मग एमसीबी कशासाठीं?" ती प्रवाह मर्यादेबाहेर गेला म्हणजे तोडते, येथें तर प्रवाह मर्यादेंतच असतो. शॉकपासून रक्षण करणारी आरसीसीबी विजेची गळती ओळखते. येथें गळतीही नाहीं. दोन्ही पहारेकरी जागे असून चोराला ओळखीत नाहींत!

ॲल्युमिनियमच्या तारांविषयीं अधिक सावध असावें. ही धातु मऊ असल्यानें दाबाखालीं हळूहळू सरकते, तापल्यावर तांब्याहून अधिक प्रसरण पावते, आणि तिच्यावर चढणारा ऑक्साइडचा पापुद्रा वीजरोधक असतो. तांबें महागल्यामुळें अमेरिकेंत १९६५ ते १९७३ च्या सुमारास अनेक घरांत अशा तारा घातल्या गेल्या. पुढें तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या पाहणींत असें आढळलें कीं, १९७२ पूर्वींच्या ॲल्युमिनियम तारा असलेल्या घरांत एखादा सांधा आग लागण्याच्या स्थितीस पोहोंचण्याचा संभव तांब्याच्या घरांपेक्षां ५५ पट अधिक होता. आपल्याकडील जुन्या इमारतींतही ॲल्युमिनियमच्या तारा आढळतात.

न्यूट्रलचा सांधाही दुर्लक्षूं नये. इमारतीला तीन फेजांचा पुरवठा असतो. तेथील मुख्य न्यूट्रल सुटला, तर एका बिऱ्हाडांत दिवे मंद होतात आणि दुसऱ्यांत व्होल्टेज इतकें चढतें कीं उपकरणें जळून जातात.

तेव्हां घर घेण्यापूर्वीं परवानाधारक वायरमनकडून पेटी उघडून घ्यावी. वेष्टन करपलें आहे काय, एका स्क्रूखालीं दोन तारा कोंबल्या आहेत काय, फ्यूजमध्यें जाड तार घातली आहे काय, अर्थिंग जोडलेलें आहे काय, हें पाहवून घ्यावें. करपलेल्या तारेचा स्क्रू नुसता आवळून भागत नाहीं. तेवढा भाग कापून चांगल्या तारेचा सांधा करावा लागतो. झांकण मात्र स्वतः उघडूं नये; मेन स्विच बंद केला तरी त्याच्या अलीकडील तारांत वीज राहतेच.

एरवींही पेटी गरम लागली, तींतून चुरचुर ऐकूं आली, दिवे उगाच लुकलुकले किंवा अनोळखी वास आला, तर तो भार तत्काळ बंद करावा व वायरमनला बोलवावें. घरांतील वडील मंडळी असें कांहीं सांगतील, तर हंसण्यावारी नेऊं नका. त्या आजीबाईंच्या नाकानें एक घर वांचविलें, हें मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.