संघ बंद पडला, तर गडी कुठं जातात?



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. मी पुण्यात खेळाचा शिक्षक, त्यामुळं बोलणारही खेळावरच. आपली पोरं आता सतरा-अठरा वर्षांची झाली. "पोरगं कबड्डी चांगलं खेळतंय, लीगवाले बोलावतायत, कॉलेज सोडू द्यावं का?" असं आपल्याच वर्गातल्या दोघा-तिघांनी मला विचारलं. पगार किती, राहायची सोय काय, हे सगळे विचारतात. संघच बंद पडला तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. आज तेवढंच सांगतो.

संघ बंद पडतात, आणि आपल्या पुण्याचेच पडलेत. पुणे वॉरियर्स 2011 ला आयपीएलमध्ये आला आणि 2013 नंतर दिसला नाही. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी 2019 ला मिटला. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला आणि पुण्याचे बरेच खेळाडू तिकडं गेले. बिऱ्हाड हललं, पण काम राहिलं.

सगळ्यात नीट वाटणी झाली ती 2015 मध्ये. लोढा समितीनं चेन्नई आणि राजस्थानच्या मालकांवर दोन वर्षांची बंदी घातली. त्या जागी पुणे आणि राजकोट हे दोन नवे संघ आले. जुन्या दोन संघांचे सुमारे 50 खेळाडू एकत्र धरले आणि 15 डिसेंबरला दोन्ही नव्या संघांनी पाळीपाळीनं पाच-पाच निवडले. आपण पटांगणावर दोन कॅप्टन समोरासमोर उभे करून गडी मागायचो, अगदी तसंच. पुण्यानं धोनी मागितला, राजकोटनं रैना. पुण्यानं अजिंक्य रहाणे, राजकोटनं जडेजा. भावही आधीच ठरलेले. पहिल्या गड्याचे साडेबारा कोटी, मग साडेनऊ, साडेसात, साडेपाच आणि पाचव्याचे चार.

दहा जण असे गेले. बाकीच्यांना पुढच्या फेब्रुवारीत लिलावात उभं राहावं लागलं. पेपरात आलं ते धोनी कुठं गेला एवढंच. आपल्या खेळात शेवटी उरलेल्याला निदान कच्चं लिंबू म्हणून तरी घ्यायचे. लिलावात कच्चं लिंबू नसतं. बोली लागली नाही, तर घरी.

पुण्याचा तो संघ 2017 ची फायनल मुंबईकडून एका धावेनं हरला आणि तिथंच त्याची मुदत संपली. धोनी चेन्नईला परतला, रहाणे राजस्थानला. पण राहुल त्रिपाठीला परत जायला जुनं घरच नव्हतं. महाराष्ट्राकडून खेळणारा हा पोरगा पुण्यानं 10 लाखांत घेतला होता. त्या मोसमात त्यानं 391 धावा केल्या, म्हणून पुढच्या लिलावात राजस्थाननं 3 कोटी 40 लाख मोजले. त्याला बॅटीनं तारलं. त्याच मोसमात त्याचा गुडघा दुखावला असता, तर हा आकडा लागला असता का, हे प्रत्येक आईबापानं मनाशी विचारावं.

दुसरी गोष्ट बाकी पैशांची. कोचीचा संघ 2011 ला एकच मोसम खेळला आणि मंडळानं त्याचा करार रद्द केला. खेळाडू पुढच्या लिलावात गेले. जडेजा त्यातलाच, त्याला चेन्नईनं मोठी रक्कम मोजून घेतलं. म्हणजे संघ मिळाला. पण जुन्या कराराच्या पैशांचं काय? ब्रॅड हॉज या ऑस्ट्रेलियन खेळाडूनं 2021 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, जाहीर विचारलं की आमचे 35 टक्के पैसे अजून आलेले नाहीत, ते कुणी शोधून देईल का? नवा मालक माणूस घेतो, जुन्या मालकाची उधारी घेत नाही.

अमेरिका-कॅनडात लॅक्रॉस नावाचा खेळ आहे. काठीला जाळी असते, तिनं चेंडू झेलायचा आणि फेकायचा. तिथं संघ बुडाला की उरलेले संघ त्याचे खेळाडू असेच पाळीपाळीनं वाटून घेतात. 2024 ला टेक्सासमधला पँथर सिटी हा संघ बंद झाला, तेव्हा हेच झालं. पण तिथले बरेच खेळाडू आठवडाभर शाळेत शिकवतात, अग्निशमन दलात नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी सामने खेळतात. संघ गेला तरी सोमवारी कामावर जाता येतं.

आपल्याकडंही कबड्डीवाल्यांची हीच रीत होती. रेल्वे, पोलीस, बँक, पेट्रोलियम कंपनी पोराला नोकरी द्यायची आणि खेळवायची. खेळ थांबला तरी टेबल-खुर्ची राहायची. 2014 ला प्रो कबड्डी आली, पैसा आला, नाव आलं, आणि ते चांगलंच झालं. पण लीगचा करार म्हणजे नोकरी नव्हे.

म्हणून सांगतो, पोराला खेळू द्या, अडवू नका. फक्त सही करण्याआधी करार कुणा जाणत्याकडून वाचून घ्या. पैसे किती हप्त्यांत मिळणार, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, संघ बंद पडला तर पोरगं दुसरीकडं खेळायला मोकळं आहे का, हे लेखी घ्या. आणि कॉलेज सोडू देऊ नका. बाहेरून परीक्षा देऊ दे, एखादं वर्ष मागं पडू दे, पण नाव पटावर राहू दे. खेळातून सरकारी नोकरीची जाहिरात निघाली, तरी अर्जासोबत आधी शिक्षणाचा दाखलाच मागतात.

ज्यांच्या घरी असा करार येईल, त्यांनी तो घेऊन माझ्याकडं पुण्याला यावं. दोघं मिळून वाचू. चहा माझ्याकडं.