झगा उतरवणारा पाद्री

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी विद्वान नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो, तेही कंत्राटावर. दिवसा क्रेनच्या हुकाखाली उभा असतो, रात्री कविता लिहितो. तुम्ही म्हणाल, ह्याला पाद्रीबिद्रीचं काय पडलंय? पडलंय. पुस्तक पुढं धरून माणसाला कसं मागं ढकलतात, हे ज्यानं भोगलंय त्यालाच ही गोष्ट पटकन कळेल.

गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. बायर्स नोडे, जन्म १९१५ चा. बाप डच रिफॉर्म्ड चर्चचा पाद्री आणि १९१८ साली निघालेल्या ब्रूदरबाँड ह्या आफ्रिकानर गोऱ्यांच्या संघटनेचा एक संस्थापक. पुढं ती गुप्तपणे चालायची आणि सत्तेच्या नाड्या तिच्या हातात होत्या. पोरगाही पाद्री झाला आणि १९४० साली त्याच संघटनेत शिरला. म्हणजे व्यवस्थेच्या मांडीवरच वाढलेला माणूस.

ह्या चर्चचं शास्त्र काय? बाबेलच्या बुरुजाची गोष्ट. माणसं बुरूज बांधायला निघाली, देवानं त्यांच्या भाषा वेगळ्या केल्या, त्यांना पांगवलं. ह्यांनी अर्थ काढला, वेगवेगळं राहणं ही देवाचीच मर्जी!

पण मर्जी देवाची नव्हती, हे त्यांच्याच दप्तरात आहे. १८२९ साली ह्याच चर्चच्या सभेनं ठरवलं होतं की प्रभुभोजन सगळ्यांना एकत्रच द्यायचं. १८५७ साली पलटी खाल्ली. एकत्र बसणं शास्त्राला धरून आहे, हे कबूल केलं. पण काहींच्या दुबळेपणामुळे अडत असेल तर वेगळ्या इमारतीत उपासना चालेल, अशी पळवाट ठेवली. दुबळेपणा कुणाचा? गोऱ्यांचा. बाहेर कोण? काळा. १८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी चर्चच वेगळं काढलं. आधी सोय, मग रूढी, मग त्या रूढीला पोथीतला आधार. ही वाट आपल्या पायाखालची आहे.

नोडे ह्याच चर्चमध्ये वीस वर्षं उपदेश करत होता. मग काळ्यांच्या मंडळ्यांत काम करणाऱ्या तरुण पाद्र्यांनी त्याला त्या वस्त्यांत नेलं. डोळ्यांनी बघितलं आणि तेच बायबल पुन्हा वाचायला बसला. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. ६९ माणसं मेली. त्याच डिसेंबरात कॉट्स्लोला चर्चांची परिषद भरली आणि तिनं वंशभेदाला आधार नाकारला. पंतप्रधान फेरवुर्ट खवळला, चर्चनं शेपूट घातली. नोडेनं शब्द मागं घेतला नाही.

१९६३ साली त्यानं ख्रिश्चन इन्स्टिट्यूट काढली. चर्च म्हणालं, ती तरी धर, नाहीतर पाद्रीपण. त्यानं आपल्या गोऱ्या मंडळीपुढं प्रेषितांच्या कृत्यांतला पाचवा अध्याय घेतला. माणसांच्या हुकमाआधी देवाचा हुकूम, हा त्याचा विषय. आणि पाद्र्याचा झगा उतरवून खाली आला. पुढं १९७७ साली सरकारनं इन्स्टिट्यूटवर बंदी घातली, त्याच्यावरही. सात वर्षं त्याला एकावेळी एकाच माणसाला भेटता यायचं.

मोठा माणूस. पण इथं थांबलो तर आपण पुन्हा गोऱ्या तारणहाराची आरती करू. पुस्तकाचा अर्थ सांगायचा हक्क शेवटी बाहेर काढलेल्यांनी घेतला. १९८२ साली ओटावाला जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चांची सभा होती. मिश्रवर्णीयांच्या त्याच वेगळ्या चर्चचा पाद्री अ‍ॅलन बोसाक तिथं होता. देशात आम्हाला तुमच्या पंगतीला बसू देत नाही, मग इथं कसली पंगत? असं म्हणून त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी प्रभुभोजन नाकारलं. सभेनं वंशभेदाचं शास्त्र पाखंड ठरवलं. त्याच वर्षी त्यांच्या चर्चनं बेल्हारचा कबुलीजबाब लिहिला, १९८६ साली तो पक्का केला. देव अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे, हा त्याचा गाभा. पुस्तक तेच. वाचणारा बदलला.

आता घरचं सांगतो. माझ्या आईची आई ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातली. ती सांगायची, आमच्या चर्चात आमची सतरंजी पुढं असायची रं. अभिमानानं सांगायची. मागची सतरंजी मांगांची. बाप्तिस्मा एक, येशू एक, सतरंज्या दोन. गावानं ज्यांना एकत्र वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी देवाच्या घरात पुन्हा वेस आखली. आणि मी, समतेवर कविता लिहिणारा, तिला कधी विचारलं नाही की मागं बसणाऱ्यांना काय वाटायचं.

म्हणून हा नोडे मला छळतो. शत्रूच्या घराकडं बोट दाखवायला फार छाती लागत नाही. तो आपल्याच माणसांपुढं, आपल्याच पीठावर उभा राहून बोलला. त्याची किंमत त्यानं मोजली. झगा फक्त पाद्र्याच्याच अंगावर असतो असं नाही. माझ्या अंगावर आजीच्या पुढच्या सतरंजीचा झगा आहे.

आजी गेली. मागच्या सतरंजीवरच्यांचा एक नातू माझ्याच पाळीत काम करतो. एकाच डब्यात जेवतो आम्ही. पण ही गोष्ट मी त्याच्यापुढं अजून काढलेली नाही. तुमच्यापुढं बोलणं सोपं होतं. उद्या त्याच्याशी बोलायचंय.

जय भीम.